पाच वर्षांत जातं, असं मी म्हणाले होते

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणायची. ती दोन हजार वीस साली हयात असती तर तिनं मला फोनपासून लांब ठेवलं असतं. त्या वसंतात ज्यानं ज्यानं मला स्वच्छ आकाशाचा फोटो पाठवला, त्या प्रत्येकावर मी चिडले होते. कुणाच्या गच्चीवरून डोंगर दिसायला लागले, कुणाच्या खाडीत पक्षी उतरले, आणि प्रत्येक फोटोखाली तेच वाक्य: निसर्ग बरा होतोय. अरे, तुम्ही चार दिवस घरात बसलात म्हणून धूळ खाली बसली, एवढंच झालंय! मी मात्र रोज सकाळी रिकाम्या रस्त्यानं गाडी हाकत कारखान्यात जात होते, कारण औषधांचे कारखाने बंद ठेवता येत नाहीत. नाक्यावर पोलिसाला कंपनीचं पत्र दाखवायचं, तो हात हलवून "ग्रँड", म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, म्हणायचा, की पुढे.

फोटोंचा एवढा राग का येतो ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. थकले होते, हे खरं. आणि पुढे वर्षभरात त्या फोटोवाल्यांपेक्षा मोठी चूक मीच केली, हेही खरं. ती चूक सांगायलाच हे लिहिते आहे.

मी हवेची इंजिनिअर आहे. डब्लिनच्या पश्चिमेला एका औषध कारखान्यात क्लीनरूमच्या हवेचं काम करते. इंजेक्शनं भरायच्या खोलीत धुळीचा कण चालत नाही. म्हणून आम्ही एक चाचणी घेतो: खोलीत मुद्दाम धुरासारखे बारीक कण सोडायचे, मग घड्याळ लावून बघायचं की हवा बदलत बदलत किती मिनिटांत खोली पुन्हा स्वच्छ होते. ठरलेल्या मिनिटांत झाली, की मी कागदावर सही करते. इतक्या वर्षांत अशा शेकडो सह्या केल्या. त्यामुळे घाण हवा म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो किती मिनिटं, हाच. साफ होईल का, हा प्रश्न येतच नाही. खोली साफ होतेच.

माझे बाबाही इंजिनिअर, पण आगीचे. विदर्भातल्या एका कोळशाच्या वीजकेंद्रात त्यांनी सगळी नोकरी बॉयलरवर काढली. आई गेल्यावर वर्षभरानं, फेब्रुवारी वीसमध्ये, तीन महिन्यांसाठी ते आमच्याकडे ॲडम्सटाउनला आले आणि विमानं बंद झाली. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे बारा झाले. घरात मी, नवरा, सहावीतली लेक आणि वरच्या लहान खोलीत बाबा. नवरा टॅलाच्या हॉस्पिटलात यंत्रांची देखभाल करतो, त्यामुळे तो त्या काळात घरी फक्त झोपायला यायचा.

बाबांचा एकच अभिमान होता, आणि तो मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या कॉलनीत राखेचा पाऊस पडायचा. बायकांनी गच्चीवर घातलेले पापड संध्याकाळपर्यंत करडे व्हायचे, वाळत घातलेल्या पांढऱ्या बंड्या झटकून घ्याव्या लागायच्या. चिमणीतून राख बाहेर पडू नये म्हणून विजेवर चालणारी मोठी गाळणी असते, ती कायम बिघडलेली असायची. बाबांनी ती अंगावर घेतली. सहा महिने साइटवर ठाण मांडलं, आणि एक दिवस चिमणीच्या तोंडाशी काहीही दिसेना. नुसतं आकाश. कॉलनीतल्या बायकांनी त्या वर्षी आमच्याकडे इतके पापड आणून दिले की आई वैतागली. "त्या दिवसानंतर कोणाचा पापड काळा झाला नाही," हे वाक्य बाबा आजही पाहुण्यांना ऐकवतात.

दुसरी गोष्ट आई ऐकवायची, टोमण्यासारखी. मी जन्मले त्या दिवशी बाबा दवाखान्यात नव्हते. नव्या युनिटचा बॉयलर पहिल्यांदा पेटवायचा होता, आणि ते तिथे होते. दोन दिवसांनी आले ते काळ्या नखांनी. आई म्हणायची, "आधी ती भट्टी पेटली, मग ही." मला कुणी रागीट म्हटलं की घरात हे वाक्य निघायचंच.

वीसच्या दिवाळीच्या सुमारास बाबांच्या निवृत्तांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ती जुनी युनिटं मोडीत निघाली होती आणि चिमणी सुरुंग लावून पाडली होती. बाबांनी जेवणाच्या टेबलाशी बसून तो पाहिला. चिमणी आधी हललीच नाही. मग गुडघ्यात वाकावी तशी वाकली आणि आडवी झाली. धुरळा उठला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबांनी तो पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा लेक त्यांच्या खांद्यावरून बघत होती. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र इथल्या पोरांसारखं इंग्रजी. तिचं बोलणं मी इथे मराठीतच देते. तिनं विचारलं, "आजोबा, चिमणी पडली. पण तिच्यातून जे वर गेलं ते कुठे आहे?"

"राख का? राख आम्ही पकडायचो."

"राख नाही. गॅस."

बाबांनी फोन उलटा ठेवला.

इतकं होऊन संपलं असतं, पण माणूस आतून कोळशाचा इंजिनिअर. त्यांना उत्तर आल्याशिवाय चैन पडेना. त्यानंतर ते जेवताना अर्धी पोळी ठेवून उठायला लागले. पेट्रोल पंपावर इथे घरच्या शेकोटीच्या कोळशाच्या पिशव्या दाराबाहेर रचून ठेवतात. फिरायला गेले की तिथे उभे राहून पिशवीवरचं बारीक अक्षर वाचायचे. एकदा घरी येऊन म्हणाले, "हा दगड नाहीच. चुरा दाबून लाडू केले आहेत. पंपावरचा पोरगा म्हणे, याचा धूर होत नाही." मी म्हटलं, डब्लिनमध्ये धुराच्या कोळशावर कधीचीच बंदी आहे. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे यांचाही पापड काळा होत नाही." आणि स्वतःशीच हसले, ते मला आवडलं नाही.

जानेवारी एकवीसमध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि लेकीच्या बाईंनी ऑनलाइन काम दिलं: घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या कामाबद्दल वही तयार करा, त्यांची मुलाखत घ्या. आम्हाला पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी, आजूबाजूच्या पोरांचे आजी-आजोबा फोनच्या पडद्यावर. आमचे आजोबा वरच्याच खोलीत. लेक खूश. बाबाही खुलले. त्यांनी पट्टी घेऊन वहीत रेघा मारून दिल्या, अगदी शिफ्टच्या लॉगबुकासारख्या: वेळ, नोंद, सही. बॉयलरचं चित्र काढलं, पापडांची गोष्ट लिहिली. आणि शेवटच्या पानाशी लेकीचा तो जुना प्रश्न पुन्हा आला.

मी तेव्हा स्वयंपाकघरात लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते. आमच्या सँडीफोर्डच्या ऑफिसातला कुणीतरी कंपनी हवामानासाठी काय काय करणार याच्या रंगीत स्लाइड्स दाखवत होता, आणि मी आतल्या आत उकळत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"तू हवेचंच काम करतेस ना? सांग मग. तो गॅस किती दिवस राह्यते वर?"

मी माइक बंद केला. कधीतरी वाचलेलं डोक्यात होतं: कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू हवेत सरासरी चार-पाच वर्षं राहतो, मग समुद्रात नाहीतर झाडात जातो. मी माझ्या खोल्यांसारखा हिशेब केला. पाच वर्षांत हवा बदलते म्हणजे झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"पाच वर्षं. तुम्हाला रिटायर होऊन सोळा झाली. तुमचं कधीच निघून गेलं, बाबा."

"पक्कं?"

"पक्कं. आता मला काम करू द्या."

त्यांचा चेहरा मी पाहिला. पुढे जे काही झालं त्यात मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच, की मी तो चेहरा पाहिला होता. खांदे खाली आले. त्यांनी वहीत स्वतःच्या हातानं, लॉगबुकात लिहायचे तशा ठोकळा इंग्रजी अक्षरांत, शेवटची नोंद केली: या केंद्रातून हवेत गेलेला गॅस आता निघून गेला आहे. खाली सही. त्या दिवशी त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या. ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला: "गड्यांनो, पोरगी हवेची इंजिनिअर आहे. ती म्हणून राहिली, आपलं सगळं निघून गेलं." मेसेज पुढे पुढे गेला. आकाशाच्या फोटोंवर चिडणारी मी स्वतःच एक फॉरवर्ड होऊन बसले होते, आणि मला पत्ताही नव्हता.

आठवड्यानं बाईंचा अभिप्राय आला. वही त्यांना फार आवडली होती. शेवटच्या नोंदीशेजारी एवढंच: हे एकदा पुन्हा तपासून बघशील का?

माझं डोकंच फिरलं. सहावीच्या बाई मला हवा शिकवणार? मी लेकीला म्हटलं, थांब, पुरावाच देते. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आले तशी जॅकेटही न काढता शोधायला बसले आणि पाच मिनिटांत पुरावा मिळाला. रेणू खरंच चार-पाच वर्षंच राहतो. मी तो परिच्छेद नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. तो तेवढ्यातच आला होता, मास्कचे वळ गालावर तसेच. त्यानं वाचलं आणि सिंकपाशी पाणी पिताना म्हणाला, "आमच्या वॉर्डात पेशंट सरासरी आठवडाभर राहतो."

"मग?"

"मग काय? आठवड्यानं वॉर्ड रिकामा होतो का? जानेवारीभर एक कॉट रिकामी दिसली नाही मला."

मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडलं आणि तिथेच मला कळलं. माझ्या खोलीत गाळणी असते. कण त्या गाळणीत अडकतो आणि परत येत नाही. समुद्र आणि झाडं गाळणी नाहीत. ती एका हातानं घेतात आणि दुसऱ्या हातानं जवळजवळ तितकंच परत देतात. रेणू बदलतात, हवेतली भर तशीच राहते. असली चूक इंजिनिअरच करू शकतो, आणि तोही हवेचा. साध्या माणसानं निदान मला माहीत नाही असं तरी म्हटलं असतं.

मग मी पुढचं वाचलं, आणि ते वाचताना मला कुणाला तरी फाडून खावंसं वाटत होतं. कोळसा जाळून आपण हवेत जी भर घालतो, तिच्यातली साधारण निम्मी काही दशकांत समुद्र आणि जमीन पोटात घेतात. नंतर त्यांचा वेग मंदावतो. हजार वर्षांनीही पाचवा हिस्सा, कदाचित त्याहून थोडा जास्त, वरच असतो. आणि शेवटचा वाटा खडक झिजून झिजून त्यात बांधला जाईपर्यंत जात नाही. त्याला लाखो वर्षं लागतात. आणि हे लपवून ठेवलेलं नव्हतं. कुणालाही वाचता आलं असतं. आम्ही सगळे शिकलेले, मोठमोठ्या प्लांटमध्ये काम करणारे, पाण्याच्या थेंबाची शुद्धता मोजणारे, आणि हे एवढं आम्हाला ठाऊक नसावं? की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं? मी त्या कॉलनीतल्या दिव्याखाली अभ्यास केला. बाबांच्या त्याच पगारावर पुण्यात इंजिनिअरिंग केलं. त्या क्षणी जिन्याखाली घर गरम करणारा आमचा गॅसचा बॉयलर भक्कन पेटला, कारण बाबांना थंडी वाजते म्हणून मीच तापमान वाढवून ठेवलं होतं. कुणावर खापर फोडू? बाबांवर फोडावं तर ज्या बायकांनी पापड आणून दिले त्यांच्यापासून सुरुवात करावी लागेल.

"बाबांना सांग," नवरा म्हणाला.

"नाही सांगणार."

"का?"

"चार पोळ्या खायला लागलेत ते. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. लाख वर्षांचं ऐकून काय करणार आहेत?"

त्यानं पेला विसळून पालथा ठेवला. मग मी लेकीलाही दटावलं. बाईंना वेगळ्या कागदावर बरोबर उत्तर पाठव, आजोबांच्या वहीला हात लावू नकोस.

"म्हणजे खोटं ठेवायचं?" ती म्हणाली.

"खोटं नाही. जुनं."

"आई, ते खोटंच आहे."

बारा वर्षांची पोर समोर उभी राहून खरं बोलत होती आणि मी तिला खोलीत जा म्हणून ओरडले. हे लिहायला मला लाज वाटते, पण ओरडले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाबा सकाळी कालव्याकाठी फिरायला गेले होते. मी चहा ठेवत होते. लेक टेबलाशी वही उघडून बसली आणि दप्तरातून व्हाइटनर काढून तिनं आजोबांच्या नोंदीवर पांढरा पट्टा ओढला. मला कळायच्या आत पुढचं दार उघडलं. बाबा आत आले, टोपी काढली, टेबलाकडे पाहिलं, आणि असे गरजले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"लॉगबुकात व्हाइटनर? कोणी लावला?"

आणि माझ्या अंगावरही त्याच क्षणी काटा आला, कारण हा नियम आम्हा दोघांचा आहे. त्यांच्या वीजकेंद्रात आणि माझ्या औषध कारखान्यात, दोन्हीकडे, लिहिलेलं पुसायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं, सही, तारीख, वेळ. व्हाइटनर सापडला तर आमच्याकडे माणूस कायमचा घरी जातो. का, तर जो चूक झाकतो तो आणखी काय काय झाकत असेल, सांगता येत नाही. हे मी नव्या पोरांना दर वर्षी शिकवते.

लेक रडवेली झाली, पण मागे हटली नाही. "ते चूक होतं, आजोबा. आईला माहीत आहे. कालपासून माहीत आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चहा उतू जात होता, शेगडी मी बंद केली नाही.

"काय लपवून राहिली तू माझ्यापासून?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानंच, भरभर, चिडून. मला दुसऱ्या कुठल्या आवाजात सांगताच आलं नसतं. रेणूची पाच वर्षं, भरीचं हजार, शेवटच्या वाट्याचं लाखो. बाबा खुर्चीवर बसले. बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिले.

"म्हणजे तू झालीस त्या दिवशी आम्ही जो पेटवला," ते म्हणाले, "त्या दिवशीचं?"

"तेच रेणू नाहीत, बाबा. पण तेवढी भर... तिच्यातली बरीचशी आहे. वर आहे."

"अन तू मेल्यावर?"

"असेल."

"अन ही?"

मी वळून शेगडी बंद केली.

मला वाटलं होतं ते कोसळतील. ते चिडले. तेव्हा मला कळलं माझं नाक कुणाचं आहे. "आयुष्यभर मी कोणाले खोटं रीडिंग लिहू दिलं नाही," ते म्हणाले. आवाज चढला की त्यांची भाषा गावाकडे जाते. "साहेब म्हणायचे, जरा कमी दाखव, जरा जास्त दाखव. मी नाही लिहिलं. बदली झाली, नाही लिहिलं. अन माझ्या घरात, माझी पोरगी, माझ्यासाठीच खोटं रीडिंग ठेवते? मी लहान आहे का? मले खेळणं देऊन बसवून राहिली का?"

"मला तुमची काळजी वाटली."

"काळजी साहेबालेही वाटायची!"

माझाच राग, माझ्याच शब्दांत, समोरून अंगावर येत होता, आणि तो शंभर टक्के बरोबर होता.

बाबांनी वरून दाढीचं ब्लेड आणायला लावलं. नाकावर चष्मा चढवून त्यांनी तो पांढरा पापुद्रा हलक्या हातानं खरवडून काढला. लेक श्वास रोखून बघत होती. हळूहळू त्यांचं वाक्य पुन्हा दिसायला लागलं: निघून गेला आहे. सगळं वाक्य वाचता आलं तेव्हा त्यांनी पट्टी ठेवली, त्यावर एकच सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: चुकीची नोंद. गॅस अजून वर आहे. बंद करता येत नाही. पुढच्या शिफ्टला कळवणे. मग सही, तारीख, वेळ.

नंतर त्यांनी त्याखाली दोन रकाने आखले. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. शिफ्ट बदलताना जाणारा माणूस चालू असलेले सगळे बिघाड येणाऱ्याला तोंडी वाचून दाखवतो, मग एका रकान्यात सही करतो: चार्ज दिला. येणारा दुसऱ्यात करतो: चार्ज घेतला. दुसरी सही झाल्याशिवाय पहिला घरी जाऊ शकत नाही. बदली माणूस आलाच नाही, तर त्यानंच डबल करायची. कित्येकदा बाबा असे सोळा सोळा तासांनी घरी आले आहेत.

त्यांनी ती नोंद मोठ्यानं वाचली. चार्ज दिला, सही केली. पेन टेबलावर ठेवलं. लेकीचा हात पुढे आला.

"तू नाही," मी ओरडले आणि पेन हिसकावून घेतलं. दुसऱ्या रकान्यात मी सही केली, इतकी दाबून की मागच्या पानावर उमटली. एवढ्या सह्या केल्या आजवर, पण प्रत्येक वेळी खोली साफ झाल्यावर. साफ न होणाऱ्या हवेखाली केलेली ही पहिली.

बाबांनी पट्टी एक इंच खाली सरकवली आणि खाली आणखी एक ओळ आखली.

"ती कशाला?" मी विचारलं.

"ओळ नेहमी आखून ठेवायची."

"काही गरज नाही. तिचा काय संबंध? तिनं काय जाळलं? बदली माणूस नाही आला तर डबल करतात ना? मी डबल करीन."

बाबांनी चष्मा काढला. राग उतरला होता. थकवा तेवढा उरला होता. "किती डबल करशील, बाप्पा?" ते म्हणाले. "आठ तासांची नाही ही."

मला त्यांचा राग आला, त्यांच्या पट्टीचा आला, त्या ओळीचा आला. ती ओळ मला फाडून टाकायची होती, आणि लॉगबुकाचं पान फाडत नाहीत हे मला माहीत होतं. मी पेन मुठीत घट्ट धरून उभी राहिले. लेकीनं ते मागितलं नाही. तिनं दप्तरातून तिचं जांभळं पेन काढलं, वही स्वतःकडे ओढली आणि त्या रिकाम्या ओळीत तिची नवीच शिकलेली, शेवटी गोल वळण असलेली सही केली.

लॉगबुकात निळ्या-काळ्याशिवाय दुसरी शाई चालत नाही. हा नियमही आम्हा दोघांचा. मी बाबांकडे पाहिलं. ते वहीत बघत होते.

"वेळ लिही," ते म्हणाले.

तिनं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लिहिलं: अकरा वाजून दहा मिनिटं.